खिळ्यांच्या दुकानातली ऑस्करची बाहुली : जिमी स्टुअर्ट संग्रहालय, इंडियाना

इंडियाना म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे अमेरिकेतले त्या नावाचे राज्य येते, परंतु हे इंडियाना म्हणजे पेनसिल्वेनिया राज्यातले एक लहानसे गाव आहे. पिट्सबर्गपासून ईशान्येला मोटारीने साधारण सव्वा-दीड तास लागतो. वाटेत डोंगरउतारांवर नाताळच्या झाडांचे मळे लागतात, कारण हा जिल्हा त्या झाडांसाठी प्रसिद्ध आहे, आणि जुन्या कोळसाखाणींच्या खुणाही दिसतात. पिट्सबर्गला मुलीकडे मुक्कामाला असताना डिसेंबरातल्या एका शनिवारी आम्ही उभयता तिच्याबरोबर तेथे गेलो. गेली चाळीस वर्षे ज्या नटाचे चित्रपट मी पुन्हा पुन्हा पाहत आलो आहे, त्या जेम्स ऊर्फ जिमी स्टुअर्ट यांचे हे जन्मगाव आहे, आणि त्यांच्या नावाचे संग्रहालय हॉलिवूडमध्ये नव्हे, तर याच गावात आहे. ते पाहण्यासारखे आहे का, कोणी पाहावे आणि कसे पाहावे, हे सांगण्यासाठी हा मजकूर लिहीत आहे.

संग्रहालय फिलाडेल्फिया स्ट्रीट या मुख्य रस्त्यावर, गावच्या सार्वजनिक वाचनालयाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. वाचनालयातूनच आत शिरायचे आणि लिफ्टने वर जायचे. मोठ्या शहरांतल्या संग्रहालयांची सवय असलेल्याला ही जागा आटोपशीर वाटेल, परंतु मला वाचनालयाचा हा शेजार फार आवडला. पुस्तके बदलायला आलेली गावची मुले आणि दुरून आलेले आमच्यासारखे पाहुणे एकाच दारातून आत जातात. २० मे १९९५ रोजी, स्टुअर्ट यांच्या सत्त्याऐंशीव्या वाढदिवशी, ते सुरू झाले. स्टुअर्ट तेव्हा हयात होते. २ जुलै १९९७ रोजी त्यांचे निधन झाले.

वर जाण्यापूर्वी शेजारच्या जिल्हा न्यायालयासमोरचा त्यांचा ब्राँझचा पुतळा अवश्य पाहावा. १९८३ साली त्यांच्या पंच्याहत्तरीनिमित्त त्याचे अनावरण झाले आणि त्या समारंभाला ते स्वतः गावात आले होते. ब्राँझचा पुतळा मात्र त्या दिवसापर्यंत तयार होऊ शकला नव्हता, म्हणून अनावरण झाले ते फायबरग्लासच्या प्रतिकृतीचे. ती प्रतिकृती आता संग्रहालयाकडे आहे. बाहेरच्या पुतळ्यावर ऊन, पाऊस आणि बर्फ यांनी आपले काम केले आहे, तर आतला अजून त्या दिवसासारखाच आहे. दोन्हींपुढे उभे राहिले की उंची आणि बारीक अंगकाठी एकदम जाणवते. सहा फूट तीन इंच उंचीचा हा माणूस पडद्यावर नेहमी थोडा वाकून, समोरच्याच्या डोळ्यांच्या पातळीवर येऊन बोलत असे, हे मला त्या पुतळ्यापाशी नव्याने आठवले.

या संग्रहालयाचे खरे मर्म समजून घ्यायचे असेल, तर रस्त्यापलीकडे पाहावे लागते. आज तिथे बँकेची इमारत उभी आहे. पूर्वी त्या जागी ‘जे. एम. स्टुअर्ट अँड कंपनी’ हे हार्डवेअरचे दुकान होते. खिळे, बिजागऱ्या, दोरखंड, अवजारे, घर बांधायला आणि शेत कसायला लागेल ते सारे तिथे मिळे. जे. एम. म्हणजे आजोबा जेम्स मेटलँड स्टुअर्ट. नातवाला नाव त्यांचेच ठेवले गेले. वडील अलेक्झांडर दुकान चालवीत आणि आपल्यानंतर एकुलता एक मुलगा गल्ल्यावर बसेल, असे त्यांनी मनाशी धरलेले होते. आई एलिझाबेथ पियानो उत्तम वाजवीत. एका गिऱ्हाइकाने उधारीपोटी दुकानात अकॉर्डियन आणून दिले, ते वडिलांनी मुलाला दिले, आणि पुढे प्रिन्स्टन विद्यापीठात स्थापत्य शिकत असताना याच अकॉर्डियनने त्याला विद्यार्थ्यांच्या नाटकमंडळीत नेले. एका उधारीच्या वसुलीतून एक नट घडला, असे म्हणायला हरकत नाही.

‘द फिलाडेल्फिया स्टोरी’ (१९४०) या चित्रपटासाठी स्टुअर्ट यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले. वडिलांनी फोन करून काय बक्षीस मिळाले याची चौकशी केली आणि ती वस्तू गावी आण, दुकानात ठेवू, असे सांगितले. मुलाने ऐकले. ऑस्करची बाहुली पुढे कित्येक वर्षे त्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे होती. खिळे घ्यायला आलेला शेतकरी तिच्याकडे पाहत पाहत आत जाई. या गोष्टीकडे बरेच लेखक गंमत म्हणून पाहतात. मला ती गंमत वाटत नाही. मुलगा दुकानावर बसला नाही, याची खंत असलेल्या बापाने मुलाचे यश आपल्या दुकानाच्या काचेत मांडले, आणि मुलाने ते मांडू दिले. संग्रहालयात कुटुंबाची, दुकानाची आणि गावाची जी छायाचित्रे व कागदपत्रे आहेत, ती पाहताना हा धागा हाती धरून ठेवावा. नाहीतर ती कोणत्याही सुखवस्तू घराण्याची जुनी छायाचित्रे वाटण्याचा संभव आहे.

उमेदवारीच्या वर्षांची माहिती इथे क्रमाने मिळते. १९३२ मध्ये पदवी घेतल्यावर ते केप कॉडवरच्या ‘युनिव्हर्सिटी प्लेअर्स’ या तरुण नाटकमंडळीत गेले. तिथल्या वर्तुळातूनच हेन्री फोंडा आणि मार्गारेट सलव्हन या कलावंतांशी जन्माची मैत्री जुळली. पुढे न्यूयॉर्कची रंगभूमी आणि १९३५ मध्ये एमजीएम या हॉलिवूडच्या चित्रपटकंपनीचा करार. फोंडा आणि स्टुअर्ट एकत्र राहिले, दोघांनी विमानांच्या प्रतिकृती बनवल्या, राजकारणात मात्र दोघे दोन टोकांना होते. एकदा त्यावरून कडाक्याचे भांडण झाले, तेव्हा यापुढे तो विषयच काढायचा नाही असे ठरवून त्यांनी मैत्री अखेरपर्यंत टिकवली. १९३९ चा ‘मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन’ हा फ्रँक काप्रा यांचा चित्रपट त्यांना घरोघरी घेऊन गेला. सिनेटमध्ये तासन्‌तास बोलून घसा बसलेला तरुण सभासद उभा करण्यासाठी त्यांनी डॉक्टरकडून घशाला औषध लावून घेऊन खरोखरच आवाज बसवून घेतला होता. अडखळत, शब्द शोधत बोलणारा हा भोळा माणूस त्यांना सहज जमत होता असे ज्यांना वाटते, त्यांनी एवढी एक गोष्ट लक्षात ठेवावी.

युद्धकाळाला वाहिलेला भाग मला सर्वांत मोलाचा वाटला, आणि तिथे आम्ही सर्वाधिक वेळ थांबलो. स्टुअर्ट यांना विमान चालवण्याचा परवाना युद्धापूर्वीच मिळालेला होता. सैन्यात भरती व्हायला गेले तेव्हा उंचीच्या मानाने वजन कमी भरले, म्हणून पहिल्यांदा त्यांना परत पाठवण्यात आले. वजन वाढवून ते पुन्हा गेले आणि मार्च १९४१ मध्ये, म्हणजे ऑस्कर हाती आल्यानंतर महिन्याभरातच आणि अमेरिका युद्धात उतरण्याच्या कितीतरी आधी, साधे शिपाई म्हणून दाखल झाले. प्रसिद्ध नटाला प्रचारासाठी देशातच ठेवावे, हा वरिष्ठांचा सोयीचा मार्ग होता, पण त्यांनी लढाईवर जाण्याचा आग्रह धरला. १९४३ च्या अखेरीस ते इंग्लंडमध्ये टिबनहॅमच्या तळावर ४४५ व्या बाँबर ग्रुपमध्ये स्क्वाड्रनप्रमुख म्हणून पोहोचले. बी-२४ लिबरेटर या चार इंजिनांच्या विमानांतून त्यांनी जर्मनीच्या ताब्यातील प्रदेशावर वीस मोहिमा केल्या. चार वर्षांत शिपायाचा कर्नल झाला. पुढे राखीव वायुदलात १९५९ मध्ये ते ब्रिगेडियर जनरल झाले.

परदेशी निघताना वडिलांनी त्यांच्या खिशात एक पत्र सरकवले होते. सोबत बायबलातल्या एक्क्याण्णवाव्या स्तोत्राची लहान पुस्तिका होती. हजारो माणसे तुझ्या बाजूला पडली तरी तुला इजा होणार नाही, असे आश्वासन देणारे हे स्तोत्र आहे. बोलून जे सांगता येत नाही ते वडिलांनी लिहून दिले. आपल्याकडे मुलगा लांबच्या प्रवासाला निघाला की आई हातावर दही ठेवते आणि वडील काही न बोलता सामानाची दोरी पुन्हा एकदा आवळून पाहतात. माझी पत्नी त्या मजकुरापाशी बराच वेळ उभी होती, आणि ‘चला’ म्हणण्याची घाई आम्हांला कोणालाच नव्हती.

संग्रहालयातच जुन्या काळच्या धर्तीवर सजवलेले एक छोटे चित्रपटगृह आहे. पन्नासच्या आसपास आसने, वाइनच्या रंगाचे पडदे, आणि घरच्या बैठकीसारखी जवळीक. आमच्या त्या शनिवारी तिथे ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ (१९४६) दाखवला. हा चित्रपट मी याआधी दूरचित्रवाणीवर किती वेळा पाहिला याची मोजदाद नाही, परंतु या गावात बसून पाहताना तो वेगळाच दिसला. त्याचा नायक जॉर्ज बेली याला जग पाहायचे आहे, इमारती आणि पूल बांधायचे आहेत, पण वडिलांचा लहान व्यवसाय सांभाळण्यासाठी तो आपल्या छोट्या गावातच अडकून राहतो. स्टुअर्ट यांनी तर स्थापत्याची पदवी घेतली होती आणि वडिलांचे दुकान मागे सोडले होते. इंडियानातच राहिले असते तर जे आयुष्य वाट्याला आले असते, ते त्यांनी या चित्रपटात जगून दाखवले आहे. १९४५ मध्ये युद्धावरून परतल्यावर ते आधी याच गावी आले; ‘लाइफ’ साप्ताहिकाने सप्टेंबरात त्यांना मुखपृष्ठावर छापले आणि गावातल्या त्यांच्या मुक्कामाची छायाचित्रेही प्रसिद्ध केली. त्यानंतर त्यांनी केलेला पहिला चित्रपट म्हणजे हाच. ही संगती कोणी मुद्दाम लावून दाखवत नाही, ती त्या खुर्चीत बसल्यावर आपोआप लागते.

एका प्रसंगाकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. सर्व बाजूंनी कोंडी झालेला जॉर्ज दारूच्या गुत्त्यात बसून हलक्या आवाजात देवाची करुणा भाकतो. चित्रीकरणाच्या वेळी स्टुअर्ट यांना तिथे खरोखर रडू कोसळले. काप्रा यांना चेहरा अधिक जवळून हवा होता, पण तेच रडू पुन्हा मागून मिळणार नव्हते. म्हणून त्यांनी दुरून घेतलेले ते दृश्यच प्रयोगशाळेत चौकट चौकट करून मोठे करून घेतले. त्यामुळे तेवढ्या क्षणापुरती प्रतिमा किंचित खरबरीत, दाणेदार दिसते. दूरचित्रवाणीवर हे माझ्या कधीच लक्षात आले नव्हते, इथे पडद्यावर ते स्पष्ट दिसले. तोंडावरून फिरणारी हाताची मूठ, ओले डोळे आणि कडेला थरथरणारा ओठ यांवरचे ते दाणे पाहताना, युद्धातून वर्षभरापूर्वीच परतलेला माणूस समोर आहे, हे विसरता येत नाही. हा चित्रपट प्रदर्शित झाला तेव्हा त्याने खर्चही भरून काढला नव्हता. १९७४ मध्ये त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण राहून गेले, दूरचित्रवाणी वाहिन्या तो नाताळात वारंवार दाखवू लागल्या आणि तिथून तो घराघरांतला झाला. मालकाच्या विस्मरणामुळे एखाद्या कलाकृतीला असे दीर्घायुष्य लाभावे, ही विलक्षण घटना आहे.

आता जे मला अपुरे वाटले ते सांगतो. भित्तिपत्रके, छायाचित्रे, सन्मानचिन्हे आणि गणवेश यांतून भला माणूस, सैनिक, पती आणि पिता उभा राहतो; नट मात्र त्या मानाने दूर राहतो. हा दोष एका संग्रहालयाचा नाही, अभिनय ही वस्तू काचपेटीत मावणारीच नाही. तरीही युद्धानंतरच्या स्टुअर्ट यांच्यात जो बदल झाला, त्याकडे पाहणाऱ्याने जाणीवपूर्वक वळायला हवे. दिग्दर्शक अँथनी मान यांच्याबरोबर त्यांनी आठ चित्रपट केले. त्यांतल्या ‘विंचेस्टर ’७३’ (१९५०), ‘द नेकेड स्पर’ (१९५३) आणि ‘द मॅन फ्रॉम लॅरामी’ (१९५५) या चित्रपटांत तोच भोळा चेहरा सूडाने पिसाट होतो, आणि पाहणाऱ्याला त्याची भीती वाटते. हिचकॉक यांच्याबरोबर ‘रोप’ (१९४८), ‘रिअर विंडो’ (१९५४), ‘द मॅन हू न्यू टू मच’ (१९५६) आणि ‘व्हर्टिगो’ (१९५८) असे चार चित्रपट झाले. ‘व्हर्टिगो’मध्ये मेलेल्या प्रेयसीचे रूप दुसऱ्या स्त्रीवर लादणारा, तिचे कपडे आणि केस बदलायला लावणारा माणूस ते ज्या असहाय हट्टाने उभा करतात, ते पाहून प्रेक्षकाला त्याची कीवही येते आणि किळसही येते. या चित्रपटालाही सुरुवातीला थंडा प्रतिसाद मिळाला होता; २०१२ मध्ये ‘साइट अँड साउंड’ या ब्रिटिश मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात तो जगातला सर्वश्रेष्ठ चित्रपट ठरला. गावच्या लाडक्या मुलाच्या संग्रहालयात हा अंधारा स्टुअर्ट पाहुण्याने स्वतःबरोबर घेऊन जावा लागतो. माझ्या मते तो घेऊन गेल्याशिवाय ही भेट अर्धीच राहते.

‘विंचेस्टर ’७३’ची आणखी एक बाजू आहे. त्या चित्रपटासाठी ठरलेला पगार घेण्याऐवजी स्टुअर्ट यांनी आपले प्रतिनिधी ल्यू वॉसरमन यांच्या सल्ल्याने नफ्यात वाटा घेतला. चित्रपट चालला, स्टुअर्ट यांना पगारापेक्षा कितीतरी जास्त पैसे मिळाले, आणि नंतरच्या मोठ्या नटांनी हाच रस्ता धरला. धंद्यात जोखीम घेणाऱ्याने नफ्याचा भागीदार व्हावे, हे दुकानदाराच्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागले नसावे. ‘द शॉप अराउंड द कॉर्नर’ (१९४०) मध्ये अर्न्स्ट लुबिच यांनी त्यांना बुडापेस्टच्या एका दुकानातला नोकर केला आहे; गिऱ्हाइकाशी बोलण्याची, मालकापुढे मान राखून उभे राहण्याची त्यांची लकब पाहिली की त्यांचे बालपण कुठे गेले हे कळते.

घरगुती आयुष्याचा भाग थोडक्यात आहे आणि तो तसाच असावा. १९४९ मध्ये, वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ग्लोरिया यांच्याशी विवाह केला. ग्लोरिया यांचे आधीचे दोन मुलगे त्यांनी आपले मानले आणि १९५१ मध्ये जुळ्या मुली झाल्या. थोरला मुलगा रोनाल्ड नौसैनिक पायदळात अधिकारी होता. १९६९ मध्ये व्हिएतनाममध्ये तो चोविसाव्या वर्षी मारला गेला. १९९४ मध्ये ग्लोरिया गेल्यावर स्टुअर्ट यांनी घराबाहेर पडणे जवळपास बंद केले. पंचेचाळीस वर्षांचा संसार, आणि तोही हॉलिवूडमध्ये.

जाणाऱ्यांसाठी काही सूचना. दोन तास पुरतात, चित्रपट पाहायचा असेल तर अर्धा दिवस हाताशी ठेवावा. प्रवेशशुल्क माफक आहे. वेळा आणि चित्रपटाचे वार आधी विचारून घ्यावेत, कारण छोट्या गावातल्या संस्थांचे वेळापत्रक ऋतूप्रमाणे बदलते. ज्यांनी स्टुअर्ट यांचा एकही चित्रपट पाहिलेला नाही, त्यांनी आधी निदान दोन पाहावेत, एक काप्रा यांचा आणि एक हिचकॉक यांचा. दोन्हींतला माणूस एकच आहे यावर विश्वास बसणे कठीण जाते, आणि तो बसल्यावरच इथल्या काचपेट्या बोलू लागतात. लहान मुलांना इथे फारसे काही हाती लागणार नाही. आमच्या पिढीतल्या लोकांना आणि आमच्याबरोबर ते चित्रपट पाहत मोठ्या झालेल्या मुलांना मात्र मी हे ठिकाण आग्रहाने सुचवीन.

निघताना आम्ही रस्ता ओलांडून बँकेसमोर उभे राहिलो. दुकानाची दर्शनी काच नेमकी कुठे असेल, याचा अंदाज मी जुन्या छायाचित्रावरून बांधत होतो. मुलगी म्हणाली, ‘‘बाबा, तुमच्या दुकानात कोणी माझी पदवी लावली असती का हो?’’ माझे दुकान नव्हते, मी नोकरी केली. तिच्या पदवीची चौकट मात्र आमच्या बैठकीच्या खोलीत दाराच्या अगदी समोर आहे, येणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडते. पत्नीने तिला ते सांगितले, आणि आम्ही व्हिनेगर हिल या टेकडीवरचे स्टुअर्ट यांचे लहानपणचे घर बाहेरून पाहण्यासाठी पायऱ्या चढू लागलो.